मुळशी ते चाकण : जमिनीच्या शांत लढ्यांचे काम

पुणे जिल्ह्यात जमीन राखण्यासाठी झालेल्या शांततेच्या लढ्यांना शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यानंतर पवना आणि भामा-आसखेडचे धरणग्रस्त, पिंपरी-चिंचवडचे प्राधिकरणबाधित, चाकण-खेड पट्ट्यातले एमआयडीसीबाधित आणि भीमाशंकरच्या डोंगरातले महादेव कोळी व ठाकर असे एकामागून एक समूह उभे राहिले. अर्ज, हरकत, ग्रामसभेचा ठराव, ठिय्या, पदयात्रा आणि उपोषण ही त्यांची साधने बरीचशी सारखीच होती. या लढ्यांनी भाव वाढवून घेतला, विकसित जमिनीचा परतावा मिळवला, काही कामे वर्षानुवर्षे थांबवली. ‘जमीन देणार नाही’ असे ठामपणे म्हणण्याचा कायदेशीर हक्क मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आला. तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे समजून घ्यायचे तर या लढ्यांत प्रत्यक्ष काम कसे चालले, ते पाहावे लागते.

भूभाग आणि माणसे

मुळा, पवना, इंद्रायणी, भामा, भीमा आणि घोड या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या खोऱ्यांच्या वरच्या अंगाला मावळ म्हणतात. तिथे पाऊस मुसळधार. खाचरांत आंबेमोहोर भात आणि वरकस जमिनीवर नाचणी, वरई. पूर्वेला उतरत गेले की पाऊस कमी होतो आणि जमीन सपाट होते. चाकण-राजगुरुनगरच्या माळावर बाजरी, ज्वारी, बटाटा आणि कांदा पिकतो. वरच्या खोऱ्यांत कुणबी-मराठा शेतकऱ्यांबरोबर महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्या आहेत. खालच्या गावांत शेतकऱ्यांच्या बरोबरीने बलुतेदार आणि भूमिहीन मजूर.

उद्योगांना या भूभागाकडून वीज, पाणी आणि सपाट जमीन या तीन गोष्टी हव्या होत्या. वीज आणि पाणी वरच्या खोऱ्यांतून आले, जमीन खालच्या माळावरून. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या शेतांवर कारखान्यांच्या भिंती चढू लागल्या. कामगारांच्या घरांसाठी १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९०च्या दशकापासून उद्योगांचा रोख चाकणकडे वळला आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, सावरदरी, वासुली ही गावे मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांनी वेढली गेली. धरणग्रस्त मावळा आणि एमआयडीसीत जमीन गेलेला चाकणचा शेतकरी यांचे प्रश्न वेगळे दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी हीच एक वाटणी आहे.

मुळशीचा सत्याग्रह

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात पाडण्याची योजना आखली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. पुढचे मोठे धरण मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीला बांधायचे ठरले. त्यात सुमारे ५० गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. १८९४च्या भूसंपादन कायद्याने सरकारला खाजगी कंपनीसाठीही जमीन घेण्याची मुभा दिली होती. भरपाई किती, यावर भांडता येत होते. जमीन घ्यावी की नाही, यावर हरकत घेण्याची तरतूद त्या वेळी कायद्यात नव्हती. कलम ५-अ खाली हरकत आणि सुनावणीचा हक्क १९२३च्या दुरुस्तीने आला, तोवर मुळशीचा निकाल बराचसा लागून गेला होता.

रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ला, सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जमले आणि कामाच्या ठिकाणी बसून राहिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी पुढे होती. पारनेरचे बापट एडिंबरोला शिकून आले होते. मुळशीच्या लढ्यातूनच त्यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. गांधींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलण्याचे आवाहन केले. मे महिन्यात कंपनीने काम तात्पुरते थांबवले आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा सुरू केले. नंतरच्या फेरीत स्वयंसेवक आणि मावळे तुकड्यातुकड्यांनी कामावर जाऊन बसत, अटक करून घेत आणि येरवड्याला जात. बायकाही या तुकड्यांत होत्या.

लढा आतून फुटला तो जमिनीच्या मालकीवरून. पेट्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली होती आणि ती कसणारे मावळे त्यांची कुळे होती. सावकाराला भरपाई रोख मिळणार होती. कुळाला त्यातून काहीच मिळणार नव्हते. सावकारांनी भाव वाढवून मागितला, मावळ्यांनी जमीन मागितली, आणि पुण्याच्या पुढाऱ्यांतही याच रेषेवर दोन तट पडले. जमिनीवर ज्याचे नाव, त्याच्याशी सरकारचा व्यवहार. जो तिच्यावर राबतो, तो त्या व्यवहाराच्या बाहेर. पुढच्या शंभर वर्षांत हीच गोष्ट रूप बदलून पुन्हा पुन्हा घडली.

शांततेचा अर्थ काय, हा वादही मुळशीतच उभा राहिला. माणसाला इजा न करता कामाच्या साधनांची मोडतोड करणे हे ‘शुद्ध सत्याग्रहा’त बसते, अशी बापटांची भूमिका होती. गांधींना ती मान्य नव्हती. बहुतेक बाधितांनी भरपाई घेतली आहे, धरण बरेच बांधून झाले आहे आणि लढ्याचा नेता अहिंसेचा पुरता पाईक नाही, अशी कारणे देऊन त्यांनी लढा थांबवण्याचा सल्ला दिला. १९२४च्या डिसेंबरात बापटांनी कामगारांना नेणारी रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये भिरा वीजगृह सुरू झाले. मुळशीचे पाणी तेव्हापासून आजवर पश्चिमेला कोकणात उतरते आहे.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला आणि त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले. हरलेल्या या लढ्याने पुढच्या कार्यकर्त्यांसाठी दोन प्रश्न ठेवले. ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांना लढ्यात कसे धरायचे? आणि मोबदल्याची बोलणी सुरू झाली की नकाराचे काय करायचे?

कूळ, मालक आणि कागद

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर स्वातंत्र्यानंतर कायद्याने दिले. १९४८च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे मालक होऊ लागली. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणला जमीन घेण्याची वेळ आली, तेव्हा समोर सावकार फारसा नव्हता; सातबाऱ्यावर शेतकऱ्याचेच नाव होते. म्हणून इथल्या लढ्यांचा सूर मुळशीपेक्षा निराळा लागला. बोलणी मालकाशी होती आणि मालकाकडे विकण्याचाही पर्याय होता.

पुढे जमिनीच्या हक्काची घटनात्मक जागा खाली आली. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि तो कलम ३००-अ खालचा साधा कायदेशीर हक्क उरला. चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करायला आलेले शरद जोशी या बदलाचे कडवे टीकाकार होते. त्यांच्या शेतकरी संघटनेचा पाया चाकणच्या कांदा आंदोलनात घातला गेला. १९८०च्या सुरुवातीला भामा खोऱ्यातल्या रस्त्याच्या मागणीसाठी वांद्र्यापासून चाकणपर्यंत शेतकरी कुटुंबांसह चालत आले आणि त्याच वर्षी कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला. मागणी भावाची होती, जमिनीची नव्हती. तरी बायामाणसांनी मिळून पायी चालणे, रस्त्यावर बसणे आणि न भांडता अटक करून घेणे यांची सवय या गावांना तिथे लागली. पुढे भूसंपादनाच्या नोटिसा आल्या, तेव्हा ती कामी आली.

प्रत्यक्ष काम कसे चालते

भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनाचे दिसणारे रूप मोर्चाचे असते. कामाचा मोठा भाग मात्र तलाठी कार्यालयात, प्रांताच्या दालनात आणि देवळाच्या सभामंडपात चालतो. एमआयडीसीच्या कायद्यात ही वाट कलम ३२ खालच्या नोटिशीने सुरू होते. नोटीस निघाली की सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात नोंद चढते. गावात याला शिक्का पडला असे म्हणतात. शिक्का पडलेल्या जमिनीवर बँक कर्ज देत नाही, खरेदीदार पुढे येत नाही, भावाभावांची वाटणी रखडते. खेड तालुक्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राखलेल्या जमिनींवरही असेच शिक्के होते. म्हणून ‘शिक्के उठवा’ ही या भागातल्या मोर्चांची कायमची मागणी झाली. जमीन ताब्यात जाण्याच्या कितीतरी आधी तिच्यावरचा कारभार मालकाच्या हातून सुटतो, हे शेतकऱ्याला या नोंदीतून कळते.

नोटीस आली की ती मोठ्याने वाचून दाखवणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम. दूध घालून माणसे मोकळी झाली की रात्री बैठक बसते. गट नंबर एकेक करून वाचले जातात. त्यात अनेक घोळ निघतात. मयत आजोबाचे नाव अजून तसेच आहे, वारस नोंद झालेली नाही, बहिणींची नावे लागलेली नाहीत, बागायत जमीन जिरायत दाखवली आहे, विहीर आणि झाडे नोंदीत नाहीत, चांगली जमीन पोटखराब्यात गेली आहे. फेरफार दुरुस्त करून घेणे, आठ-अ आणि जुने उतारे काढणे, पीकपाहणी तपासणे यात आठवडे जातात. हरकतीला मुदत असते, आणि मुदत चुकली की कितीही मोठा मोर्चा ती परत आणू शकत नाही.

पुढचा टप्पा संयुक्त मोजणीचा. भूकरमापक यंत्र घेऊन येतात, बरोबर महसूल आणि प्रकल्पाचे अधिकारी असतात, कधी पोलीस बंदोबस्त असतो. शांततेचा खरा कस इथे लागतो. या भागातली रूढ रीत म्हणजे बायकांनी पुढे बसणे, तरुणांना मागे ठेवणे, अधिकाऱ्याला लेखी निवेदन देऊन पोच घेणे आणि मोजणी न करताच पथक परत गेल्याचा पंचनामा करायला लावणे. मोजणी अडवणे हे जगभरच्या जमीन-लढ्यांचे जुने हत्यार आहे. न्यूझीलंडमधल्या परिहाका गावच्या माओरींनी १८७९ मध्ये भूमापकांना आपल्या हद्दीबाहेर नेऊन सोडले आणि बळकावलेल्या जमिनीत नांगर घातले. ५ नोव्हेंबर १८८१ला सैन्य चालून आले तेव्हा गाणी म्हणणारी मुले त्याला सामोरी गेली. मोजणी झाल्याखेरीज जमिनीचा आकडा निघत नाही आणि आकड्याशिवाय निवाडा होत नाही, हे सगळीकडच्या शेतकऱ्याने अनुभवाने ओळखले आहे.

निवाडा झाल्यावर पैसे घ्यायचे की नाही, हा सर्वांत नाजूक प्रश्न येतो. १८९४च्या कायद्यात एक बारीक अट होती : निषेध न नोंदवता रक्कम स्वीकारली, तर वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे संदर्भ मागण्याचा हक्क जात असे. पावतीवर निषेधाचे शब्द लिहिले आहेत की नाहीत, यावर पुढची पंधरा-वीस वर्षे अवलंबून राहत. या पट्ट्यातल्या जाणत्या कार्यकर्त्यांनी हजारो खातेदारांना हे शब्द लिहायला शिकवले. त्यात घोषणा नव्हत्या, पण वाढीव मोबदल्याच्या दाव्यांचा पाया तिथेच घातला गेला.

परताव्याचे राजकारण

नकार टिकत नाही असे दिसल्यावर मागणी मोबदल्याच्या स्वरूपाकडे वळते. याचे मोठे उदाहरण शेजारच्या रायगडमध्ये घडले. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मरण पावले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. पिंपरी-चिंचवड प्राधिकरणाच्या बाधितांनी तोच दाखला देऊन ‘साडेबारा टक्के परतावा’ मागितला. निगडी, आकुर्डी, भोसरी, मोशी, चिखलीच्या शेतकऱ्यांची एक पिढी या मागणीच्या फायली सांभाळण्यात गेली. प्राधिकरण २०२१ मध्ये बरखास्त होऊन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, म्हणजे पीएमआरडीएत, विलीन झाले, तेव्हाही मागणी उभीच होती.

खेड विशेष आर्थिक क्षेत्रासाठी २००० नंतरच्या दशकात कनेरसर, निमगाव, दावडी, रेटवडी या भागात जमिनी घेताना पंधरा टक्के विकसित जमिनीच्या परताव्याचे सूत्र मांडले गेले. शेतकऱ्यांना भागीदार करणारा नमुना म्हणून त्याची वाहवा झाली. तो परतावा प्रत्यक्ष हाती यावा यासाठी नंतर त्याच शेतकऱ्यांना मोर्चे आणि उपोषणे करावी लागली. परतावा कबूल करणे आणि परताव्याच्या भूखंडाचा ताबा मिळणे यांत किती अंतर असते, हे या भागाने दोनदा अनुभवले.

पैशाने गावात काय केले, हेही या अनुभवाचा भाग आहे. जमीन विकून किंवा भरपाई घेऊन काहींनी चाळी बांधल्या, ट्रक घेतले, कारखान्यातल्या भंगाराचे, पाण्याच्या टँकरचे, कँटीनचे ठेके घेतले. पुणेरी बोलीत ‘गुंठामंत्री’ हा उपहासाचा शब्द इथूनच आला. दोन-चार एकरवाल्याचा पैसा लग्नात, गाडीत आणि आजारपणात संपला आणि तो जमीन नसलेला कंत्राटी कामगार म्हणून त्याच फाटकावर उभा राहिला. भूमिहीन मजुराला तर मोबदल्याच्या यादीत जागाच नव्हती. मुळशीच्या कुळाचे जे झाले, तेच चाकणच्या शेतमजुराचे झाले.

पाण्याचा प्रश्न आणि मावळचा गोळीबार

पवना धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले. बाधित १,२०३ खातेदारांपैकी ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली आणि ८६३ जण वाट पाहत राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर होता. पहिला कायदा १९७६चा, मग १९८६ आणि १९९९चा. पण पवनेची धरणग्रस्त पिढी या कायद्यांच्या आधीची. तिचे हक्क आश्वासनांवर लटकून राहिले.

याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने थेट पाणी न्यायचे ठरले. आधी पाणी नदीतून वाहत येऊन रावेतच्या बंधाऱ्यातून उचलले जाई. बंद वाहिनीने नदीचे वाहते पाणी आटेल, उपसा सिंचन बसेल आणि वाहिनीसाठी पुन्हा जमीन जाईल, ही मावळच्या शेतकऱ्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ला, क्रांतिदिनी, त्यांनी बऊर गावाजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले, त्यांत एक महिला होती. प्रकल्प थांबला आणि बारा वर्षे थांबूनच राहिला; २०२३ मध्ये राज्य सरकारने स्थगिती उठवली.

आंदोलनांच्या आखणीत या घटनेनंतर फरक पडला. द्रुतगती मार्ग अडवणे ही कृती काही मिनिटांत राज्याच्या दृष्टीने कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न बनते आणि गर्दीवर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांनी दुसरी वाट धरली. पुण्याच्या पूर्व भागाला पाणी नेणाऱ्या वाहिनीचे काम त्यांनी कामाच्या जागी जाऊन वारंवार थांबवले, प्रत्येक वेळी पुनर्वसनाच्या मागण्यांची यादी पुढे केली आणि बैठकीत काही पदरात पाडून घेतले. ती योजना २०२१च्या पहिल्या दिवशी सुरू झाली. पाणी शेवटी शहराला गेले, पण दोन्ही ठिकाणी शहराला हे मान्य करावे लागले की त्याच्या नळाच्या दुसऱ्या टोकाला एक गाव आहे.

डोंगरातला हक्क

आंबेगाव, जुन्नर आणि खेडच्या पश्चिमेला महादेव कोळी आणि ठाकरांचा प्रश्न आणखी वेगळा होता. इथे जमीन घेणारे कारखाने नव्हते. धरण आणि जंगल होते. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने आंबेगावची आदिवासी गावे पाण्याखाली घातली. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हिरडा गोळा करणे, गुरे चारणे, शेतात राब भाजण्यासाठी फांद्या तोडणे यांवर वनखात्याची नजर आली.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी ‘शाश्वत’ संस्थेमार्फत या भागात दीर्घकाळ काम केले. त्या कामाची चाल औद्योगिक पट्ट्यातल्या लढ्यांपेक्षा वेगळी राहिली. धरण परत जाणार नव्हते. मग पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पीक घेण्याचा आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क मागितला गेला. मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था झाली. डोंगर-उतारावर सगळ्यांनी मिळून खाचरे घडवण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत सरकारी रोजगार योजनेत बसवून घेतली गेली. मोबदल्याच्या रकमेपेक्षा वापराचा हक्क टिकाऊ ठरतो, हा इथला धडा. रक्कम एका पिढीत खर्च होते. जलाशयातला मासा आणि गाळपेराचे पीक दर वर्षी येते.

२००६च्या वनहक्क कायद्याने या कामाला बळ दिले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचा दावा ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभेची वनहक्क समिती पाहणी करते आणि शिफारस वर जाते. पुराव्यात वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी झाडे, थडगी, देवस्थाने हेही धरले जाते. ज्यांच्याकडे सातबारा कधीच नव्हता, त्यांच्या आठवणीला प्रथमच कायद्यात पुराव्याचे स्थान मिळाले. याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला; ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. वनहक्काचे दावे रखडले, म्हणून मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. दहावीच्या परीक्षार्थींना अडचण होऊ नये म्हणून ते शेवटच्या रात्री न झोपता चालत आझाद मैदानावर पोचले. शिस्तीने चाललेल्या त्या मोर्चाला सरकारने लेखी आश्वासन दिले.

संमती कुठे आहे

अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६चा पेसा कायदा भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत सक्तीची करतो आणि २०१३चा भूसंपादन कायदा तिथे ग्रामसभेची पूर्वसंमती मागतो. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. तो नकार टिकला, कारण वनहक्क कायद्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला होता. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागात आहे. खेड, मावळ आणि मुळशी हे तालुके त्यात येत नाहीत, तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या असल्या तरी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अचे निर्बंध सगळीकडे लागू आहेत. पण गावाने मिळून ‘नाही’ म्हणण्याचा हक्क तालुक्याची हद्द ओलांडली की संपतो.

बिगर-आदिवासी भागासाठी २०१३च्या कायद्याने खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीला ७० टक्के बाधितांची संमती घालून दिली, शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. चाकणच्या शेतकऱ्याला याचा फारसा उपयोग होत नाही. एमआयडीसी आपल्या १९६१च्या कायद्याने जमीन घेते आणि २०१८च्या राज्य दुरुस्तीने त्या कायद्याला संमती व परिणाम-अभ्यासाच्या तरतुदींतून वगळले. मोबदल्याच्या तरतुदी तेवढ्या लागू ठेवल्या. म्हणजे राज्यातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक पट्ट्यांपैकी एकात भाव नव्या कायद्याचा आणि नकाराचा हक्क जुन्याच काळातला, अशी स्थिती आहे.

त्यामुळे इथे नकार द्यायचा तर तो मोजणी अडवूनच द्यावा लागतो. चाकण-राजगुरुनगर परिसरात आखलेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला गावांनी अनेक वर्षे असाच विरोध केला. विरोध आणि जागेच्या अडचणी यांमुळे २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला हलवला गेला. पुरंदरच्या पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी या गावांनी लगेच ग्रामसभांचे विरोधी ठराव केले. एका खोऱ्याचा यशस्वी नकार दुसऱ्या खोऱ्यावर जाऊन पडला.

या शतकभराच्या कामातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. कागद वेळेत दुरुस्त असेल, तर मोर्चाला वजन येते. नसेल तर गर्दी कितीही असो, निवाडा जुन्याच नोंदीवर होतो. बायकांची नावे सातबाऱ्यावर लागलेली असतील, तर बोलणीतली त्यांची जागा केवळ पहिल्या रांगेत बसण्यापुरती राहत नाही. कूळ, शेतमजूर आणि कातकरी यांना मागण्यांच्या यादीत सुरुवातीलाच धरले नाही, तर मोबदला जाहीर होताच एकजूट फुटते. विकसित जमीन, पाणी, मासेमारी असा पुढे चालू राहणारा हक्क एकरकमी पैशापेक्षा जास्त काळ कुटुंबाला धरून ठेवतो. आणि शांतता राखल्याने काम थांबते, वेळ मिळतो, सरकार बोलायला येते. मात्र संमतीची अट एमआयडीसीच्या कायद्यात आणि अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या आदिवासी गावांपर्यंत पोचत नाही, तोवर त्या बोलण्याचा विषय जमीन किती भावाने जायची एवढाच राहतो.